उष्णतेचा नकाशा आणि वंचिततेचा नकाशा जुळत नाहीत. चूक कुठे होते आहे?

प्रश्न: संशोधक विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. मी नागरी भूगोलात पीएचडी करीत असून शहरातील वाढती उष्णता आणि सामाजिक विषमता यांचा परस्परसंबंध हा माझा विषय आहे. पहिल्या दोन वर्षांत मी लँडसॅट उपग्रहाच्या उन्हाळ्यातील प्रतिमांवरून शहरातील प्रत्येक प्रभागाच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान काढले. जनगणनेतील घरांचा प्रकार, पाण्याची सोय, साक्षरता आणि रोजगार यांच्या आधारे प्रत्येक प्रभागाचा वंचितता निर्देशांकही तयार केला. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवल्यावर वंचित प्रभाग अधिक तप्त दिसतील, अशी माझी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात सहसंबंध अगदीच दुबळा आला. काही दाटीवाटीच्या, गरीब वस्त्या नकाशावर चक्क थंड दिसतात, आणि सर्वांत तप्त ठिपके शहराच्या कडेला, जेथे फारसे कोणी राहत नाही अशा उजाड जमिनीवर येतात. आकडेमोड तीन वेळा तपासली. त्यात चूक नाही. पण अशाच एका 'थंड' वस्तीत मी मे महिन्यात दुपारी दोन वाजता गेले होते, तेव्हा पत्र्याच्या खोलीत मला दहा मिनिटेही बसवेना. तेथील एक आजी दारात ओले फडके डोक्यावर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांनी मलाही तसेच करायला सांगितले. तेव्हापासून माझा स्वतःच्या नकाशावरचा विश्वास उडाला आहे.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की पर्यावरण आणि समाज हे दोन वेगळे विषय असून एकाच प्रबंधात दोन्ही पेलणार नाहीत, तेव्हा एक निवडावा. विभागातील हवामानवाल्यांना माझ्या मुलाखती ऐकीव वाटतात आणि समाजशास्त्रवाल्यांना माझे तापमानाचे आकडे म्हणजे शोभेची जोड वाटते. संबंध खरोखरच नाही, की मी चुकीची गोष्ट मोजली? आणि हे दोन विषय आहेत की एक, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १: हवामान-अभ्यासक (निवृत्त)

आपला प्रश्न फार मोलाचा आहे, कारण नकाशा आणि अनुभव यांच्यात विसंगती दिसल्यावर बहुतेक जण अनुभव बाजूला ठेवतात. आपण तसे केले नाहीत, याचा आनंद झाला. माझ्या मते संबंध आहे, पण आपल्या मोजमापाची वेळ, जागा आणि वस्तू या तिन्ही गोष्टी त्याला चुकवून गेल्या आहेत.

प्रथम वेळ. लँडसॅट सकाळी दहाच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्या वेळी कोरडी, उघडी जमीन झपाट्याने तापलेली असते, तर दाट बांधकाम अजून उष्णता पोटात साठवत असते आणि गल्ल्यांत एका इमारतीची सावली दुसरीवर पडलेली असते. शहराच्या उष्णतेचे खरे रूप सूर्य मावळल्यावर दिसते. ही गोष्ट आजची नाही. हवामानाच्या नोंदी ठेवणारे ल्यूक हॉवर्ड यांनी १८१८ ते १८२० या काळात प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या हवामानाच्या नोंदींत शहर आसपासच्या ग्रामीण भागापेक्षा रात्री सुमारे २ अंश सेल्सिअसने उबदार असते, आणि दिवसा मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, असे आढळले होते. दोनशे वर्षांपूर्वी साध्या तापमापकाने जे कळले, ते सकाळी दहाच्या प्रतिमेतून आपल्याला कळणार नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१८ साली बसवलेले इकोस्ट्रेस हे उपकरण दिवसाच्या आणि रात्रीच्या निरनिराळ्या वेळी सुमारे ७० मीटरच्या तपशिलाने नोंदी घेते. त्याच्या रात्रीच्या प्रतिमा अवश्य पाहाव्यात.

दुसरे म्हणजे वस्तू. उपग्रह हवेचे तापमान मोजत नाही. त्याला वरून दिसणाऱ्या पृष्ठभागाचे प्रारण तो मोजतो. म्हणजे छप्पर, डांबर, झाडाचा माथा. छपराखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. त्यातही न रंगवलेला, चकचकीत पत्रा ही फसवी गोष्ट आहे. अशा धातूची उत्सर्जकता कमी असते, म्हणजे तो हाताला चटका देण्याइतका तापलेला असूनही अवरक्त प्रारण कमी सोडतो, आणि गणितात हे लक्षात घेतले नाही तर प्रतिमेत तो थंड दिसतो. आपल्या 'थंड' वस्त्यांचे निदान एक कारण येथे असावे, असा माझा अंदाज आहे. ती छपरे कोरी पत्र्याची आहेत की रंगवलेली अथवा गंजलेली, हे जाऊन पाहा.

तिसरी गोष्ट म्हणजे जागा, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पत्र्याचे घर आणि स्लॅबचे घर यांची उष्णता एकाच वेळेची नसते. पत्रा पातळ असतो. तो सूर्याबरोबर तापतो आणि सूर्याबरोबर निवतो. दुपारी त्याखाली भट्टी होते, पण मध्यरात्रीपर्यंत तो बराच थंड झालेला असतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि ती उतरायला त्याला रात्र पुरत नाही, म्हणून वरच्या मजल्यावरची खोली दुपारी सुसह्य वाटली तरी रात्री अकरा वाजता तिच्या भिंतीला हात लावून पाहावा. आता येथे माणूस आणा. रात्रपाळी करणारा रखवालदार दिवसा झोपतो. त्याला पत्रा मारतो. दिवसभर उन्हात काम करणारा बांधकाम मजूर रात्री झोपतो. त्याला स्लॅब मारतो, कारण शरीराला निवण्यासाठी जे सहा-सात तास मिळायला हवेत तेच त्याच्याकडून काढून घेतले जातात. अंथरुणाला खिळलेला वृद्ध दोन्ही वेळा घरातच असतो. म्हणजे 'कोणते घर गरम आहे' या प्रश्नाला 'त्या घरात, त्या वेळी कोण असते' हे जोडल्याशिवाय अर्थ येत नाही, आणि कोण कोणत्या वेळी घरात असते हे रोजगार, वय, लिंग आणि आजारपण ठरवते.

म्हणून माझ्या मते हे दोन विषय नाहीत. आपले मार्गदर्शक विस्ताराच्या दृष्टीने सावध करीत असतील तर ते योग्यच आहे. पण कात्री लावायची तर ती प्रभागांच्या संख्येला लावावी, विषयाच्या मधोमध नव्हे. सगळे शहर सोडून द्या. तीन-चार वस्त्या घ्या आणि प्रत्येकी वीस-पंचवीस घरांत स्वयंचलित तापमान व आर्द्रता नोंदणारे लॉगर एक पूर्ण उन्हाळा ठेवा. त्याच घरांतून कोण किती वाजता आत असते, कुठे झोपते, पंखा कधी लागतो आणि वीज कधी जाते याची रोजनिशी घ्या. एवढे केलेत तर आपला नकाशा लहान होईल, पण तो खरा असेल.

प्रतिसाद २: सांख्यिकीचा शिक्षक

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. त्यात प्रभाग या एककाची भर घालतो, कारण मोजमाप सुधारले तरी तेथे गाडी पुन्हा अडेल.

प्रभागाच्या सीमा निवडणुकीसाठी आखलेल्या असतात. उष्णता किंवा गरिबी त्या पाळत नाही. एकाच प्रभागात उंच इमारतींची वसाहत, तिचे झाडांचे आवार आणि तिला लागून असलेली झोपडपट्टी असेल, तर दोघांची सरासरी काढून आपण असा एक प्रभाग निर्माण करतो ज्यात प्रत्यक्षात कोणीच राहत नाही. भूगोलतज्ज्ञ स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी १९७९ साली अमेरिकेतील आयोवा राज्याच्या ९९ काउंट्या (जिल्हे) वेगवेगळ्या प्रकारे एकत्र करून दाखवले होते की, केवळ गट पाडण्याची रीत बदलून त्याच दोन चलांमधील सहसंबंध जवळजवळ पूर्ण ऋणापासून (एक वाढले की दुसरे घटते) जवळजवळ पूर्ण धनापर्यंत (दोन्ही सोबत वाढतात) कुठेही नेता येतो. तेव्हा आपला दुबळा सहसंबंध हे 'संबंध नाही' याचा पुरावा नव्हे, आणि उद्या तो प्रबळ आला असता तरी तोही पुरावा ठरला नसता.

याच्या जोडीचा धोका म्हणजे गटावरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणे. समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून याचे जे उदाहरण दिले, ते मी दरवर्षी वर्गात सांगतो. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त होते तेथे निरक्षरता कमी होती. पण व्यक्तीनिहाय पाहिले तर परदेशात जन्मलेल्यांमध्ये ती जास्त होती. स्थलांतरित लोक मुळात साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढेच त्याचे कारण.

उष्णतेच्या अभ्यासातही हा वाद झालेला आहे. शिकागोत जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू अधिक झाले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या लगतच्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हींकडे एकट्या राहणाऱ्या गरीब वृद्धांची संख्या साधारण सारखीच होती, हवामान तर एकच. पण पहिल्या वस्तीत दर लाखामागे सुमारे ४० मृत्यू झाले आणि दुसरीत सुमारे ४. पहिल्या वस्तीतील दुकाने बंद पडलेली, रस्ते ओस आणि वृद्ध भीतीपोटी दारे-खिडक्या लावून बसलेले. दुसरीत रस्त्यावर सतत वर्दळ, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना थंड दुकानात जाऊन बसता येई. अशी त्यांची मांडणी होती. पुढे दुसरे समाजशास्त्रज्ञ मिचेल ड्युनायर यांनी मृतांच्या पत्त्यांवर जाऊन चौकशी केली आणि २००६ साली असा आक्षेप घेतला की वस्तीच्या गुणधर्मावरून त्या विशिष्ट व्यक्ती का दगावल्या हे सांगता येत नाही. क्लिनेनबर्ग यांनी त्याला कडक उत्तर दिले. कोणाचे बरोबर, यापेक्षा आपल्यासाठी महत्त्वाचे हे की दोघांनाही शेवटी दारापर्यंत जावे लागले. आपला वाद समाजशास्त्रवाल्यांशी आणि हवामानवाल्यांशी एकाच वेळी होईल, तेव्हा हा सगळा वादविवाद वाचून ठेवावा.

प्रतिसाद ३: सार्वजनिक आरोग्य विभागातील कार्यकर्ता

एक छोटी सूचना. आपण पुढे आरोग्यावरील परिणामांकडे वळणार असाल, तर मृत्यूच्या दाखल्यावर 'उष्माघात' शोधू नका. उष्णतेने दगावलेल्या बहुतेकांच्या दाखल्यावर हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे किंवा श्वसनाचा आजार लिहिलेला असतो. म्हणूनच त्या काळातील एकूण मृत्यू आधीच्या वर्षांतील त्याच दिवसांच्या सरासरीशी ताडून 'अतिरिक्त मृत्यू' काढतात. युरोपातील २००३ च्या उन्हाळ्यातील ७०,००० हून अधिक मृत्यूंचा अंदाज असाच काढला गेला. अहमदाबादेत मे २०१० मध्ये १,३४४ अतिरिक्त मृत्यू झाल्याचे अशाच पद्धतीने दिसून आले आणि त्यानंतर २०१३ साली तेथे उष्णता कृती आराखडा आला. आकडा नव्हता तोपर्यंत प्रश्नही नव्हता, हे या कामात मी फार जवळून पाहिले आहे.

प्रतिसाद ४: वस्तीपातळीवर काम करणारी

ताई, तुमच्या त्या आजींचा प्रसंग वाचून लिहावेसे वाटले. मी गेली अनेक वर्षे घरांच्या प्रश्नावर काम करते आहे. वरच्या सरांनी मोजण्याविषयी जे सांगितले ते सगळे मान्य आहे, पण मोजल्यानंतर त्या आकड्यांचे काय होते, हेही तुमच्या प्रबंधाचा भाग असायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

उष्णतेचा नकाशा निघाला की उपाय ठरलेलाच असतो: झाडे लावा, नाला स्वच्छ करा, काठावर उद्यान करा. उपाय चांगलेच आहेत. पण भाड्याने राहणाऱ्याच्या दाराशी उद्यान झाले की त्याचे भाडे वाढते, आणि ज्याच्यासाठी सावली केली तोच माणूस सावली मोठी होण्याआधी तेथून उठून दुसऱ्या उघड्या जागी जातो. इंग्रजीत याला ग्रीन जेंट्रिफिकेशन म्हणतात. आमच्याकडे लोक सरळ 'बाग आली, आता आपण जाणार' असे म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरील हाय लाइन उद्यानाचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला आणि आसपासच्या घरांच्या किमती कशा चढल्या, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

मला त्याहून शिकवणारे उदाहरण दक्षिण कोरियातील सोलच्या चोंगग्येचोन ओढ्याचे वाटते. तेथे २००३ ते २००५ या काळात ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडून सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह पुन्हा मोकळा केला गेला. काठावरचे तापमान जवळच्या समांतर रस्त्यापेक्षा सरासरी ३ ते ६ अंशांनी कमी असल्याची नोंद झाली, आणि हा प्रकल्प जगभर आदर्श म्हणून दाखवला जातो. पण त्या रस्त्याकडेला पथारी लावणाऱ्या विक्रेत्यांना उठवून तोंगदेमुन येथील जुन्या क्रीडांगणात बसवण्यात आले, आणि काही वर्षांतच तेही क्रीडांगण नव्या बांधकामासाठी पाडले गेले. एकाच माणसाला दोनदा उठावे लागले. शिवाय ओढ्यात वाहणारे बहुतेक पाणी पंपाने हान नदीतून आणून सोडलेले आहे. त्या पंपांना वीज लागते. तापमानाच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

म्हणून भूगोलतज्ज्ञ विनिफ्रेड करन आणि ट्रिना हॅमिल्टन यांनी २०१२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील ग्रीनपॉइंटच्या अभ्यासातून मांडलेली 'जेमतेम पुरेसे हिरवे' ही कल्पना मला जवळची वाटते. तेथे रहिवाशांनी प्रदूषित खाडी साफ करण्याची मागणी लावून धरली, पण कारखान्यांतला रोजगार हटवून कॉफीची दुकाने आणणारे सुशोभीकरण त्यांना नको होते. तुम्ही घराघरांत लॉगर लावणार असाल, तर त्या लोकांना एक प्रश्न जरूर विचारा: ही जागा थंड झाली, तर तुम्ही येथे राहू शकाल का? कोणाच्या नावावर घर आहे, भाडेकरार लेखी आहे का, याची नोंद तापमानाइतक्याच काटेकोरपणे घ्या. माझ्या अनुभवात छपराला पांढरा रंग देणे, छपराखाली आच्छादन घालणे, सार्वजनिक नळापाशी सावली करणे अशा लहान कामांनी भाडे वाढत नाही आणि दुपार तेवढीच सुसह्य होते. ही कामे छायाचित्रात शोभत नाहीत, म्हणून त्यांना निधी मिळत नाही. तुमच्यासारख्या कोणी त्यांचे आकडे काढले तर फार उपकार होतील.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पत्र्याच्या उत्सर्जकतेचा मुद्दा वाचून मी नकाशावर थंड दिसणाऱ्या दोन वस्त्यांच्या छपरांची जुनी छायाचित्रे काढून पाहिली. एका वस्तीत बहुतेक पत्रे नवे आणि कोरे आहेत. दुसरीत मात्र गंजलेले आणि ताडपत्रीने झाकलेले. नकाशावर पहिलीच जास्त थंड दिसते. दोन वर्षे हे माझ्यासमोर होते आणि मी ते वंचिततेचे अपवाद म्हणून तळटीपेत टाकले होते.

मार्गदर्शकांशी आज बोलले. सगळे शहर सोडून तीन वस्त्या घेण्यास त्यांनी होकार दिला आहे. त्यांची एक अट अशी की उपग्रहाचे काम टाकून द्यायचे नाही. तेच पहिले प्रकरण करायचे आणि नकाशा कुठे व का चुकतो हे घरातील नोंदींच्या आधारे दाखवायचे. मला ते पटले. अमेरिकेतील १०८ शहरांवरचा २०२० चा अभ्यास मी आधार म्हणून वापरत होते. त्यात १९३० च्या दशकातील कर्जनकाशांवर कर्जासाठी धोकादायक ठरवलेल्या वस्त्या आज सरासरी २.६ अंशांनी अधिक तप्त असल्याचे आढळले आहे. तोही पृष्ठभागाच्या तापमानावरच बेतलेला आहे, हे आता नव्याने लक्षात आले. तेथील निष्कर्ष तरीही भक्कम का राहिला आणि माझा का ढासळला, हाच पहिल्या प्रकरणाचा प्रश्न होऊ शकेल. तेथे वस्त्यांच्या सीमा कर्जनकाशांनीच आखलेल्या होत्या, माझ्या मात्र निवडणुकीच्या, हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो आहे.

रोजनिशीच्या नमुन्यात भाडेकरार आणि 'येथे राहू शकाल का' हे दोन्ही प्रश्न घातले आहेत. ताई, नमुना तयार झाला की तुम्हाला दाखवेन.

प्रतिसाद ५: हवामान-अभ्यासक (निवृत्त)

फार चांगले. लॉगर बसवताना काही व्यावहारिक काळजी घ्यावी. ते चुलीजवळ, खिडकीच्या उन्हात किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून लावू नयेत. सगळे लॉगर आधी आठवडाभर एकाच खोलीत एकत्र ठेवून त्यांच्यातील आपसांतला फरक नोंदवून घ्यावा, नाहीतर दोन घरांतला फरक उपकरणाचा की घराचा हे नंतर सांगता येणार नाही. आणि छपराजवळची हवा जमिनीजवळच्या हवेपेक्षा बरीच गरम असते, म्हणून सोयीसाठी लॉगर आढ्याला टांगू नका. जो माणूस जेथे झोपतो त्या उंचीवर, जमिनीवर अंथरूण असेल तर अगदी गुडघ्याच्या खाली, तो बांधा, आणि उंची वहीत लिहून ठेवा.